कळ किती वेळ रेंगाळते?

दातदुखीचा रुग्ण खुर्चीत बसला, की जाणता दंतवैद्य आरसा हातात घेण्याआधी चार-दोन प्रश्न विचारतो. कळ कशाने येते, गाराने की गरमाने? चावताना येते, की काही न करताही? बोट ठेवून नेमकी दाढ दाखवता येते का? आणि मग सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न: पाण्याचा घोट गिळून झाल्यावर कळ लगेच जाते, की मागे रेंगाळते? दुखण्याने बेजार झालेल्या माणसाला ही चौकशी वेळकाढूपणाची वाटते. पण या शेवटच्या प्रश्नाच्या उत्तरावरून दाताच्या आत काय चालले आहे याचा जितका अंदाज येतो, तितका पुष्कळदा एक्स-रेवरूनही येत नाही. दात साध्या भरावावर निभावेल की रूट कॅनॉल करावे लागेल, याची पहिली खूण तिथेच मिळते. हा प्रश्न स्वतःला विचारायला दंतवैद्यच असावे लागते असेही नाही. घरी, ओट्याशी उभे राहून, माठातल्या पाण्याच्या एका घोटावर तो विचारता येतो.

उत्तराचा अर्थ लावण्यासाठी मात्र दाताच्या आत डोकावावे लागेल.

आपण घासतो तो पांढरा थर म्हणजे इनॅमल. शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ हाच. वजनाने सुमारे 96 टक्के खनिज. त्यात रक्तवाहिनी नाही, मज्जातंतू नाही. म्हणून इनॅमल झिजले, किडले, त्याचा टवका उडाला, तरी ते स्वतः दुखत नाही. दाढेच्या उंचवट्यावर त्याची जाडी अडीच मिलिमीटरपर्यंत भरते. हिरडीकडे येता येता ते पातळ होत संपते. त्याखाली किंचित पिवळसर डेंटिन. आणि सर्वांत आत, चारी बाजूंनी डेंटिनने बंदिस्त केलेल्या पोकळीत, पल्प: रक्तवाहिन्या, मज्जातंतू आणि पेशींचा मऊ गर. बोलताना आपण ‘दाताची नस’ म्हणतो ती ही.

कळेचे मूळ डेंटिनच्या घडणीत आहे. ते भरीव नसते. पल्पपासून बाहेरच्या अंगाला जाणाऱ्या अतिसूक्ष्म नलिकांनी ते व्यापलेले असते. एका चौरस मिलिमीटरमध्ये अशा साधारण 20,000 ते 50,000 नलिका असतात, आणि त्यांत द्रव असतो. नलिकांच्या आतल्या तोंडांशी मज्जातंतूंची टोके येऊन थांबतात. वरचे इनॅमल किंवा हिरडीचे आच्छादन गेले, की नलिकांची बाहेरची तोंडे उघडी पडतात. मग गार पाणी लागले की आतला द्रव झटक्यात बाहेरच्या दिशेने सरकतो, गोड पदार्थ त्याला बाहेर ओढतो, वाऱ्याचा झोत त्याला सुकवतो. ही हालचाल तंतूंच्या टोकांना जाणवते आणि मेंदूपर्यंत ती एकाच रूपात पोहोचते: कळ. स्वीडनचे दंतशास्त्रज्ञ मार्टिन ब्रॅनस्ट्रॉम यांनी 1960च्या दशकात प्रयोगांच्या आधारे हा सिद्धांत भक्कम केला आणि आजही तोच सर्वांत मान्य आहे. पेढा, बर्फाचे पाणी आणि नुसता वारा, या तीन अगदी वेगळ्या गोष्टींनी एकसारखीच कळ का यावी, हे कोडे त्याने सुटते.

आता वेळेचा मुद्दा. पल्पमधून वेदनेचा निरोप नेणारे तंतू मुख्यतः दोन जातींचे आहेत. ए-डेल्टा तंतू वेगवान असतात आणि पल्पच्या कडेला, नलिकांच्या तोंडाशी असतात. द्रव हलला की ते लगेच चेततात आणि द्रव स्थिरावला की शांत होतात. सुईसारखी टोचून जाणारी, क्षणात येऊन क्षणात जाणारी कळ त्यांची. सी तंतू पल्पच्या गाभ्यात असतात, ते मंद असतात आणि सहसा आत दाह झाल्याशिवाय जागे होत नाहीत. एकदा जागे झाले की ते लवकर थांबतही नाहीत. ठणका त्यांचा, नेमकी कुठली दाढ ते सांगता न येणारा, कानापर्यंत, कपाळापर्यंत पसरणारा. म्हणजे घोटासरशी आलेली आणि घोटाबरोबर गेलेली कळ असेल, तर पल्प अजून धडधाकट आहे आणि बाहेरून होणाऱ्या त्रासाची तक्रार करतो आहे. घोट गिळून अर्धे मिनिट उलटले तरी कळ उरत असेल, तर तक्रार आता आतूनच येते आहे.

क्षणिक कळेची सर्वांत साधी कारणे हिरडीच्या कडेला सापडतात. वयाने, हिरडीच्या आजाराने किंवा जोरजोराने घासण्याने हिरडी मागे सरकते आणि मुळाचा भाग उघडा पडतो. तिथे इनॅमल नसतेच. कडक ब्रश आडवा फिरवणाऱ्यांच्या दातांवर हिरडीलगत पाचरीच्या आकाराच्या खाचा पडलेल्या दिसतात. सुळ्यांवर आणि उपदाढांवर त्या जास्त असतात. राखुंडी, कोळशाची पूड, विटेची भुकटी, मीठ यांनी हीच झीज आणखी भराभर होते. आंबटाचा भाग वेगळा. रोज सकाळी लिंबूपाणी, दिवसभर घोटघोट शीतपेय, किंवा पित्त वर येण्याचा जुना त्रास, यांनी इनॅमल विरघळते. आंबट खाल्ल्याबरोबर दात घासू नयेत. आम्लाने मऊ झालेला थर ब्रशखाली निघून जातो. आधी पाण्याने खळखळून चूळ भरावी आणि घासायला निदान अर्धा तास थांबावे.

मिश्रीबद्दल इथे थोडे थांबूनच लिहायला हवे. तव्यावर काळी होईतो भाजून कुटलेली तंबाखू, ती मिश्री. महाराष्ट्राच्या गावोगावी, आणि शहरांतल्या वस्त्यांतही, असंख्य बायका तिने दात घासतात. पुष्कळ जणींची सुरुवात दात दुखत होता म्हणूनच झालेली असते. कुणी तरी सांगते, मिश्री लाव, थांबेल. निकोटिनमुळे आणि झोंबण्यामुळे दुखणे काही वेळ मागे पडते, बरे वाटते, आणि मग दिवसातून एकदाची मिश्री चारदा होते. दात झिजतात, हिरड्या सुटतात, मूळ दाढ आत सडत राहते आणि तोंडाच्या कर्करोगाचा धोका पत्करावा लागतो तो निराळाच. घरातल्या बाईचे दुखणे सर्वांत शेवटी दवाखान्यात पोहोचते, त्यामुळे हा सौदा तिच्या वाट्याला येतो. ज्या घरात मिश्रीची डबी आहे, तिथे ती डबी काढून घेण्याआधी त्या बाईला दंतवैद्याकडे न्या. दाढ बरी झाली तर निदान मिश्रीचे एक कारण तरी संपेल. गालाच्या आत पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरलेली जखम, किंवा तोंड पूर्वीइतके न उघडणे, यांतले काही दिसले तर त्याच भेटीत दाखवा.

झिजेमुळे दात शिवशिवत असतील, तर मऊ ब्रश, हलका हात आणि संवेदनशील दातांसाठीची टूथपेस्ट यांनी बहुतेकांना आराम पडतो. या पेस्टमधले घटक एक तर नलिकांची तोंडे बुजवतात किंवा पोटॅशियम नायट्रेटसारखे असतील तर तंतूंना शांत करतात. परिणाम जाणवायला काही आठवडे जावे लागतात. चार दिवसांत फरक नाही म्हणून पेस्ट बदलत बसू नये. पण एकाच दातात कळ असेल, तर पेस्टवर विसंबून राहू नका. झीज सहसा अनेक दातांना असते. एकट्या दाताच्या कळेला बहुधा एकट्या त्या दाताचे कारण असते.

ते कारण बहुतेक वेळा कीड. दातात अळी शिरते आणि ती दात पोखरते, ही समजूत जगभर होती. आपल्याकडे भुईरिंगणीच्या बियांची धुरी देऊन दातातले किडे पाडण्याचा उपचार आजही कुठे कुठे होतो. युरोपात हीच धुरी खुरासनी ओव्याच्या बियांची देत, आणि भांड्यात पडलेल्या ‘अळ्या’ दाखवून लोकांची खात्री पटवत. त्या अळ्या म्हणजे उष्णतेने फुटलेल्या बियांतले कोंब होते. फ्रान्सच्या पिएर फोशार यांनी सूक्ष्मदर्शकाखाली किडलेले दात तपासले, त्यांना एकही अळी सापडली नाही, आणि 1728च्या आपल्या दंतवैद्यकाच्या ग्रंथात त्यांनी तसे लिहून ठेवले. खरे कारण कळायला मात्र आणखी दीडशेहून अधिक वर्षे लागली. विलोबी मिलर या अमेरिकी शास्त्रज्ञाने बर्लिनमध्ये काम करताना दाखवून दिले, की तोंडातले जीवाणू साखरेपासून आम्ल करतात आणि ते आम्ल दाताचे खनिज विरघळवते. त्यांचा ग्रंथ 1890चा. दाताच्या पृष्ठभागावरचा सामू 5.5च्या खाली गेला की इनॅमल विरघळू लागते, आणि लाळेला तो पूर्ववत करायला अर्धा-पाऊण तास लागतो. म्हणून एका बैठकीत खाल्लेल्या दोन लाडवांपेक्षा दिवसभरात सहा वेळा घेतलेला गोड चहा दातांना जास्त महाग पडतो.

कीड इनॅमलमध्ये असेपर्यंत काही कळत नाही. डेंटिनला लागली की गार-गोडाने सळक येऊ लागते. ही पहिली सळक म्हणजे दाताने दिलेली सर्वांत स्वस्त सूचना आहे. या टप्प्यावर कीड काढून भराव घातला, की पल्पचा सौम्य दाह आपोआप ओसरतो आणि दात वर्षानुवर्षे चालतो. एका बैठकीचे काम. दुर्दैवाने याच टप्प्यावर बहुतेक माणसे काय करतात, तर त्या बाजूने चावणे बंद करतात. दुसरी बाजू आहेच. कळ येत नाही, म्हणजे प्रश्न मिटला.

तो मिटलेला नसतो. कीड पल्पच्या जवळ गेली, की आत दाह सुरू होतो. बोटाला सूज आली तर कातडी ताणली जाते आणि सुजेला जागा मिळते. पल्पच्या चारही बाजूंना कठीण भिंती आहेत. सूज पसरायला जागाच नाही. आतला दाब वाढतो, रक्तप्रवाह कोंडतो, सी तंतू पेटतात. आता कळ घोटाबरोबर जात नाही. गरम चहाने ठणका उठतो, आणि काही जणांना तोंडात गार पाणी धरले तरच बरे वाटते. हे गार पाण्याने बरे वाटणे सुधारणेचे लक्षण समजू नका; पल्प वाचण्याच्या पलीकडे गेल्याची ती खूण असते. दुखणे कशाचेही निमित्त न होता सुरू होते आणि विशेषतः रात्री. आडवे झाल्यावर डोक्याकडचा रक्तदाब थोडा वाढतो, आधीच दाबाखाली असलेल्या पल्पला तेवढेही सहन होत नाही. शिवाय रात्रीच्या शांततेत लक्ष वळवणारे काही नसते. म्हणून दाढ दुखणारा माणूस उठून बसतो, येरझाऱ्या घालतो. उशी उंच करून निजणे हा उपाय साधा असला तरी त्यामागे कारण आहे.

या टप्प्याला दंतवैद्यकात अपरिवर्तनीय दाह म्हणतात. इथे नुसता भराव पुरत नाही. रूट कॅनॉल करून पल्प काढावा लागतो, किंवा दातच काढावा लागतो. अलीकडे काही निवडक दातांत पल्पचा वरचा भाग काढून मुळांतला वाचवताही येतो, पण त्याचा निर्णय तपासणीनंतरच.

आणि आता या सगळ्या प्रवासातली सर्वांत फसवी जागा. दोन-चार रात्री तळमळून काढल्यावर एका सकाळी दुखणे अचानक थांबते. गार लागत नाही, गरम लागत नाही. माणूस देवाचे आभार मानतो आणि दंतवैद्याची वेळ रद्द करतो. आत पल्प मेलेला असतो. वेदनेचा निरोप नेणारे तंतूच उरलेले नाहीत, म्हणून शांतता. जीवाणू मात्र आहेत, त्यांना आता रक्तपुरवठ्यातून येणाऱ्या पेशींचा अडथळाही नाही. ते मुळाच्या टोकातून हाडात उतरतात. काही आठवड्यांनी, कधी काही महिन्यांनी, दुखणे परत येते ते वेगळ्या तऱ्हेने. दात लांब झाल्यासारखा वाटतो, वरचा दात टेकला तरी जीव जातो, आणि कुठला दात ते आता अचूक सांगता येते. मुळाभोवती जेमतेम पाव मिलिमीटर जाडीचा तंतूंचा पडदा असतो. त्याला दाबाची आणि जागेची नेमकी जाणीव असते, आणि तो आता सुजलेला असतो. हिरडीवर पुळी येऊन पू वाहू लागला, तर दाब कमी होतो आणि दुखणे पुन्हा थांबते. ही दुसरी फसवणूक. दातदुखीत दुखणे थांबणे आणि दात बरा होणे या दोन गोष्टी एक नाहीत, हे ज्याला पटले त्याचे बरेच दात वाचतात.

कीड नसलेल्या दातातही जीवघेणी कळ येऊ शकते. सुपारी, खडीसाखर, बर्फ, मटणाचे हाड, डाळीत राहिलेला खडा यांच्यावर दात पडला की त्याला तडा जातो. तडा इतका बारीक असतो की डोळ्यांना आणि एक्स-रेतही बहुधा दिसत नाही. त्याची खूण चमत्कारिक आहे: चावताना जितके दुखत नाही तितके चावून दात सोडवताना दुखते. दाबाखाली फाकलेल्या फटी दाब सुटताच मिटतात, नलिकांतला द्रव झटक्यात हलतो आणि कळ मस्तकात जाते. ‘पोळी खाताना काही नाही, पण एखाद्या वेळी दाण्यावर दात पडला की मरण’ असे रुग्ण सांगतो. अशा तड्याच्या दाताला वेळेत कॅप बसली तर तो वाचतो. तडा मुळापर्यंत गेला तर काढण्यावाचून इलाज नाही. मोठे भराव घातलेल्या दाढा आणि झोपेत दात खाणाऱ्यांच्या दाढा यांना हा धोका अधिक.

कधी कधी दात बिचारा निर्दोष असतो. वरच्या दाढांची मुळे गालामागच्या सायनसच्या पोकळीला अगदी लागून असतात. जोराची सर्दी झाल्यावर एकाच बाजूच्या वरच्या तीन-चार दाढा एकदम दुखत असतील आणि खाली वाकल्यावर दुखणे वाढत असेल, तर कान-नाक-घसातज्ज्ञाकडे जायला हवे. दुसरे दुखणे पाचव्या मेंदूतंतूचे, ट्रायजेमिनल न्यूराल्जियाचे. चेहऱ्याच्या एका बाजूला विजेच्या झटक्यासारखी वेदना येते, काही सेकंद टिकते, थांबते, पुन्हा येते. तोंड धुताना, दाढी करताना, पंख्याचा वारा लागताना, बोलतानासुद्धा. बहुधा पन्नाशीनंतर होणाऱ्या या विकारात माणसे एकामागून एक निरोगी दात काढून घेतात आणि दुखणे तसेच राहते. कार्बामाझेपिनसारख्या औषधांनी ते आटोक्यात येते. ही औषधे मेंदूविकारतज्ज्ञाच्या देखरेखीखालीच घ्यायची.

तिसरे दुखणे हृदयाचे, आणि ते ओळखायला उशीर झाला तर जीव जातो. जिना चढताना, चालताना खालचा जबडा दुखतो, चालणे थांबवले की दुखायचा थांबतो. सोबत छातीत दडपण, धाप, घाम, डाव्या हातात जडपणा. मधुमेही माणसांना आणि बायकांना छातीत फारसे न दुखताही असा त्रास होऊ शकतो. घाम फुटून जबडा दुखू लागला, तर दंतवैद्याचा नंबर शोधत बसू नका, 108ला फोन करा.

मुलांबद्दल दोन शब्द. दुधाचा दात पडणारच आहे म्हणून दुर्लक्ष करणे चूक. दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत तोंडात असतात, त्यांचे इनॅमल पातळ असते आणि कीड पल्पपर्यंत मोठ्यांच्या दातांपेक्षा फार लवकर पोहोचते. मूल एका बाजूने जेवू लागले, रात्री गाल धरून उठू लागले, तर त्याच आठवड्यात दाखवा.

रात्री अकराला दाढ उठली आणि दवाखाना सकाळी उघडणार आहे, अशा वेळी काय करावे? कोमट मीठपाण्याने हलक्या गुळण्या. दाताच्या फटीत अन्नाचा कण अडकला असेल तर दोऱ्याने अलगद काढावा. नुसत्या तेवढ्यानेही कधी कधी हायसे वाटते. टाचणी, आगकाडी वापरू नये. वेदनाशामकांत पॅरासिटामॉल बहुतेकांना चालते. मोठ्या माणसाने 24 तासांत सर्व गोळ्या मिळून 4 ग्रॅमच्या वर जाऊ नये, आणि यकृताचा आजार किंवा रोजची दारू असेल तर ती मर्यादाही जास्तच समजावी. सर्दी-तापाच्या गोळ्यांतही पॅरासिटामॉल असते, ते हिशेबात धरायला लोक विसरतात. ज्यांना चालते त्यांना पॅरासिटामॉलसोबत आयब्युप्रोफेन घेतल्याने दाढदुखीत एकेकट्या गोळीपेक्षा जास्त उतार पडतो. पण पोटात अल्सर, मूत्रपिंडाचा विकार, दमा, रक्त पातळ करण्याची औषधे, गरोदरपण यांत आयब्युप्रोफेन डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. आणि पावसाळ्यात अंगात ताप असेल तर डेंग्यूची शंका फिटेपर्यंत तर नकोच.

लवंगेच्या तेलाला आधार आहे. त्यातले युजेनॉल तंतूंना बधिर करते, आणि झिंक ऑक्साइडबरोबर कालवून दंतवैद्य तेच तात्पुरत्या भरावात वापरतात. दवाखान्यात शिरल्यावर येणारा तो ओळखीचा वास त्याचाच. कापसाच्या लहान बोळ्यावर एखादा थेंब घेऊन फक्त दातावर लावावा. हिरडीला, गालाला लागले तर तिथे भाजते, आणि लहान मुलांच्या हाती बाटली लागू देऊ नये. ॲस्पिरिनची गोळी दाढेपाशी धरून ठेवण्याची पद्धत मात्र निव्वळ घातक आहे; ती गोळी म्हणजे आम्ल, तिने हिरडी पांढरी पडून भाजते आणि दाताला काडीचा उपयोग होत नाही. गालावर सूज असेल तर शेकू नये. बाहेरून गार पट्टी ठेवावी.

आता औषधांच्या दुकानातल्या अँटिबायोटिकबद्दल. काउंटरवर जाऊन ‘दाढ दुखते, काहीतरी द्या’ म्हटले, की वेदनाशामकासोबत प्रतिजैविकाच्या दोन-तीन कॅप्सूल हातात पडतात. पल्पच्या दाहात त्यांचा उपयोग नसतो. रक्तप्रवाह कोंडलेल्या किंवा मेलेल्या पल्पपर्यंत औषध पोहोचणार कसे? दुखणे थांबते ते वेदनाशामकाने, श्रेय मिळते कॅप्सूलला, आणि तोंडातले जीवाणू औषधाला सरावतात ते वेगळेच. सूज पसरत असेल, ताप असेल तेव्हा प्रतिजैविक लागते, पण तेव्हाही दात उघडून किंवा पू काढून मूळ जागा साफ करणे हाच खरा उपचार असतो.

कधी जायचे, हे आता वाचकाला बरेचसे दिसले असेल. गाराने सळक येऊन लगेच जात असेल, तर या आठवड्या-दोन आठवड्यांत वेळ घ्या. कळ रेंगाळत असेल, रात्री उठवत असेल, गरमाने वाढत असेल किंवा चावताना दात लांब वाटत असेल, तर उद्याच. दात काढून घेतल्यावर दोन-तीन दिवसांनी दुखणे कमी होण्याऐवजी भडकले आणि तोंडाला घाण वास येऊ लागला, तर खाचेतली रक्ताची गुठळी निघून हाड उघडे पडलेले असू शकते. ज्यांनी दात काढला त्यांच्याकडे त्याच दिवशी परत जा.

आणि काही वेळा उद्यापर्यंतही थांबायचे नाही. गालावरची किंवा जबड्याखालची सूज तासातासाला वाढते आहे, ताप आहे, तोंड उघडत नाही, थुंकी गिळता येत नाही, आवाज घोगरा झाला, जीभ वर उचलली गेली, श्वासाला त्रास होतो: यांतले काहीही असेल तर रात्र असो की सणाचा दिवस, थेट मोठ्या रुग्णालयात जा. खालच्या मागच्या दाढांची मुळे जबड्यात इतकी खाली उतरलेली असतात की तिथला पू जिभेखालच्या आणि गळ्याच्या जागेत पसरतो आणि श्वासाची वाट बंद करू शकतो. जर्मन वैद्य विल्हेल्म फ्रेडरिक फॉन लुडविग यांनी 1836 मध्ये या विकाराचे वर्णन केले आणि तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो. मधुमेह ताब्यात नसलेल्यांना आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांना याचा धोका अधिक. एका दाढेने माणूस दगावतो, हे अनेकांना खरे वाटत नाही. ते खरे आहे.

एवढे माहीत असूनही माणसे जात नाहीत, याचे एक कारण भीती आणि दुसरे पैसा. भीतीबद्दल सांगायचे, तर शस्त्रक्रियेतली भूल जगाला मिळाली तीच दातदुखीमुळे. होरेस वेल्स या अमेरिकी दंतवैद्याने 1844 मध्ये नायट्रस ऑक्साइड हुंगून स्वतःची दाढ काढून घेतली, आणि विल्यम मॉर्टन या दुसऱ्या दंतवैद्याने 1846 मध्ये बोस्टनच्या रुग्णालयात सर्वांसमोर इथरचा प्रयोग यशस्वी करून दाखवला. आज तेवढ्याचीही गरज नसते. लिग्नोकेनच्या एका इंजेक्शनने जबड्याचा तेवढाच भाग बधिर होतो. फक्त ठणका शिगेला पोहोचलेला असताना भूल नीट धरत नाही, विशेषतः खालच्या दाढांना. ‘रूट कॅनॉलला फार दुखले’ असे सांगणारी पुष्कळ माणसे नेमकी त्या अवस्थेत खुर्चीवर जाऊन बसलेली असतात.

पैशाची अडचण खरी आहे. तिला भीतीसारखे समजावून दूर करता येत नाही. रूट कॅनॉल आणि कॅप यांचा खर्च कितीतरी घरांना झेपत नाही, म्हणून दाढ काढून मोकळे होतात. अशांनी दंत महाविद्यालयाची वाट धरावी. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे शासकीय दंत महाविद्यालये आहेत, मुंबईत महापालिकेचे नायर दंत महाविद्यालय आहे, गोव्यात बांबोळीला आहे. तिथे वेळ जास्त लागतो, रांग असते, विद्यार्थी काम करतात, पण शिक्षकांच्या नजरेखाली करतात आणि खर्च खासगी दवाखान्याच्या मानाने अगदी थोडा येतो. खासगी दवाखान्यात जाताना भिंतीवर राज्य दंत परिषदेच्या नोंदणीचे प्रमाणपत्र आहे का, ते पाहायला संकोच करू नका.

जाताना थोडी तयारी करा. दुखणे कधी सुरू झाले, कशाने येते, किती वेळ टिकते, रात्री उठवते का, हे एका चिठ्ठीवर लिहून घ्या. रक्तदाब, मधुमेह, रक्त पातळ करण्याच्या गोळ्या, औषधांची ॲलर्जी, गरोदरपण, सगळे सांगा. गरोदर बाईच्या दाढेचा उपचार बाळंतपणापर्यंत लांबवण्याची गरज नसते. सहन होत असेल तर निघण्याआधी वेदनाशामक घेऊ नका, कारण दुखणे दबलेले असले की कुठल्या दाताचे ते शोधणे अवघड जाते. आणि वेळ घेतल्यापासून ती येईपर्यंतच्या दिवसांत दुखायचे थांबले, तरी कृपा करून ती वेळ रद्द करू नका.